किडनी देणारीचा सव्वा महिना

आज बचतीचं आणि हप्त्यांचं काही बोलणार नाही, ते पुढच्या आठवड्यात. आज आम्ही बोलणार आहोत किडनी दिलेल्या बाईबद्दल. ज्याला किडनी बसवली त्याची चौकशी सगळं गाव करतं, आणि करायलाच पाहिजे. तो मरणाच्या दारातून परत आलेला असतो. पण जिनं ती दिली, ती घरी आल्यावर तिचं काय होतं? तिनं किती दिवस काय उचलायचं नाही? आणि तिच्या वाटणीचं काम तेवढे दिवस करायचं कोणी? हे कोणी फारसं बोलत नाही.

विषय निघाला तो आमच्या एका गटातल्या ताईंमुळे. त्यांनी धाकट्या भावाला किडनी दिली. त्या आम्हाला म्हणाल्या, "माझं नाव घेऊ नका, पण काय काय झालं ते सांगा. पुढच्या बाईला उपयोग होईल." म्हणून आज आम्ही त्यांना नुसतं ताईच म्हणणार आहोत.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना असतो. घर कितीही गरीब असो, सासू कितीही कडक असो, ओल्या बाळंतिणीला कोणी विहिरीवर पाठवत नाही. लोक नावं ठेवतील म्हणून का होईना, पण पाठवत नाहीत. आजारी माणसालाही त्याचा म्हणून एक मान असतो. पण किडनी दिलेली बाई ना बाळंतीण, ना आजारी. उलट ऑपरेशनच्या आधी ढीगभर तपासण्या करून डॉक्टरांनीच सांगितलेलं असतं की ही ठणठणीत आहे. ठणठणीत नसती तर तिची किडनी घेतलीच नसती. आणि नेमकी हीच गोष्ट नंतर तिच्या अंगावर येते. "तुला काय झालंय? आजारी तर तो आहे." ताईंना हे वाक्य पहिल्या आठवड्यातच तिघांकडून ऐकायला मिळालं. त्यातली दोन तर अगदी मायेची माणसं होती.

जरा विचार करा. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला माणूस पोट धरून दवाखान्यात जातो आणि बरा होऊन बाहेर येतो. किडनी देणारी बाई ताठ चालत दवाखान्यात जाते आणि वाकून बाहेर येते. तिच्या स्वतःच्या शरीराला ज्याची काहीच गरज नव्हती असं मोठं ऑपरेशन तिनं करून घेतलेलं असतं. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये बायका जास्त आहेत आणि ज्यांना अवयव मिळतो त्यांच्यात पुरुष जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. म्हणजे हा प्रश्न आज ना उद्या कुठल्या तरी गटाच्या सतरंजीवर येणारच.

आधी किडनी म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या टोकाजवळ दोन किडन्या असतात, प्रत्येकी साधारण मुठीएवढी. रक्त गाळायचं, घाण आणि जास्तीचं पाणी लघवीतून बाहेर टाकायचं हे त्यांचं मुख्य काम. रक्तदाब सांभाळणं आणि रक्त तयार व्हायला मदत करणं हेही त्या करतात. निरोगी माणसाचं एका किडनीवर भागतं. एक काढली की उरलेली हळूहळू थोडी मोठी होते आणि जास्त काम अंगावर घेते. पण ती दोघींचं पूर्ण काम करत नाही बरं का. आधी दोन्ही मिळून जेवढं काम करत होत्या, त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत ती पोचते. रोजच्या जगण्याला तेवढं पुरतं.

जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण १९५४ साली अमेरिकेत बोस्टन शहरात झालं. एका जुळ्या भावानं दुसऱ्याला किडनी दिली होती. देणारा भाऊ त्यानंतर ५६ वर्षं जगला, शिक्षकाची नोकरी केली, आणि ७९ व्या वर्षी गेला. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली जिवंत दात्याकडून किडनी घेऊन प्रत्यारोपण झालं. म्हणजे हे काही काल-परवाचं, प्रयोगाचं ऑपरेशन नाही. धोका अजिबात नाही असंही आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत ऐंशी हजारांवर दात्यांची नोंद तपासली, तेव्हा ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांत दगावलेल्यांचं प्रमाण दहा हजारांत तीन असं निघालं. कमी आहे, पण शून्य नाही. पुढच्या आयुष्यात स्वतःची किडनी खराब होण्याचा धोकाही, तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या माणसापेक्षा किंचित जास्त असतो. हे सगळं आधी विचारून घेण्याचा हक्क देणाऱ्या बाईला आहे.

हक्कावरून आठवलं. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ सालचा, त्यात २०११ मध्ये सुधारणा झाली. नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं, हे कायद्यानं जवळचे नातेवाईक. दाता अठरा वर्षांच्या वरचा हवा. आणि २०१४ च्या नियमांत एक नियम खास बाईसाठी आहे: देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, आणि तिची ओळख व तिची स्वतःची संमती ही ज्याला किडनी मिळणार आहे त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी खात्री करून सांगितली पाहिजे. सरकारला हा नियम का करावा लागला हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत ती नाही म्हणू शकते. रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक म्हणून एक व्यक्ती असते. घरच्यांसमोर बोलता येत नसेल तर "मला एकटीला बोलायचंय" एवढं त्यांना सांगितलं तरी पुरे. ताईंनी मनापासून होकार दिला होता. तरीही त्या म्हणतात, "मला एकटीला आत बोलावून विचारलं ते बरं वाटलं. पहिल्यांदाच कोणीतरी मला एकटीला विचारत होतं."

आता ऑपरेशन. हल्ली बहुतेक ठिकाणी ते दुर्बिणीनं करतात. पोटावर तीन-चार बारीक छिद्रं आणि ओटीपोटाच्या बाजूला किडनी बाहेर काढण्यापुरती एक चीर. काही वेळा कुशीत मोठी चीर घेऊन करावं लागतं, मग बरं व्हायला जास्त दिवस लागतात. दुर्बिणीचं असेल तर साधारण तीन ते पाच दिवसांत घरी सोडतात. लघवीची नळी एक-दोन दिवसांत काढतात. दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात, तेव्हा घाबरू नका. पायात रक्ताची गाठ होऊ नये, छातीत कफ साठू नये, पोटातला वारा सरावा, म्हणून चालवायचं असतं. तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं खेळणं देतात, त्यात श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. खेळणं दिसत असलं तरी ते फुप्फुसांसाठी आहे, दर तासाला करा. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचं.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो. ताईंना वाटलं झोपेत हात अवघडला. खरं कारण असं की ऑपरेशनच्या वेळी पोटात वायू भरतात, तो थोडा आत राहतो आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. दोन-चार दिवसांत जाते. बद्धकोष्ठताही होते, कारण दुखण्याच्या औषधांनी आतडी मंदावतात. पालेभाजी, पपई, कोमट पाणी आणि चालणं यानं फरक पडतो. नाहीच पडला तर डॉक्टरांकडून औषध घ्या, कुंथू नका.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते. ताईंचंच बघा. भावाला प्रत्यारोपणानंतर आठवड्यातून दोनदा तपासणीला जावं लागत होतं, म्हणून त्यानं रुग्णालयाजवळ खोली भाड्यानं घेतली. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून तिथं माणसांची ये-जा बंद. आई त्याच्या जवळ, भावजय त्याच्या जवळ. माहेरच्या घराला कुलूप. म्हणून ताई सहाव्या दिवशी सासरी आल्या. सासरचं म्हणणं, किडनी दिली भावाला, तर चार दिवस माहेरच्यांनी बघायला नको का? बोलण्यात वाईटपणा नव्हता, सुगीचे दिवस होते, ज्वारी काढणीला आली होती. पण झालं असं की बाईला दोन घरं आणि अंग टाकायला जागा कुठंच नाही. नवऱ्याला किडनी दिली असेल तर वेगळीच अडचण. एकाच घरात दोन ऑपरेशनची माणसं, आणि त्याच्या गोळ्यांच्या वेळा घड्याळ लावून सांभाळायला उठते तीच. म्हणून आमचं पहिलं सांगणं हे, की ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधीच देणारीला बघायला वेगळं माणूस ठरवा. घेणाऱ्याला बघणारं माणूस वेगळं, देणारीला बघणारं वेगळं. एकच माणूस दोघांना बघणार असेल, तर ते घेणाऱ्यालाच बघतं.

आता वजनाचं. बहुतेक डॉक्टर सांगतात, सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. हे किलोत सांगितलं की आपल्या ध्यानात येत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आपला पंधरा लिटरचा हंडा भरला की पंधरा किलो, वर हंड्याचं वजन वेगळं. भरलेल्या सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो, लोखंडी टाकी धरून तीस किलोच्या आसपास. दोन वर्षांचं पोर कडेवर घेतलं तरी दहा-बारा किलो. सरपणाची मोळी, वैरणीचा भारा, खताचं पोतं यांचं तर बोलायलाच नको. म्हणजे आपल्या घरातल्या बाईच्या रोजच्या कामांपैकी जवळजवळ एकही काम या पाच किलोंत बसत नाही. बादलीसुद्धा अर्धीच. बाहेरून टाके सुकलेले दिसतात, पण पोटाचे आतले थर जुळायला वेळ लागतो. त्या आधी जोर पडला तर तिथून आतडं बाहेर डोकावतं, त्याला हर्निया म्हणतात, आणि मग दुसरं ऑपरेशन.

उचलण्याशिवाय वाकण्याची आणि जोर देण्याची कामं आहेत. हापसा मारणं, धुणं आपटणं, वाकून झाडणं, खुरपणी, धार काढणं, खाली बसून भाकरी थापणं. ही सगळी पोटावर येतात. भाजी निवडणं, बसून फोडणी घालणं, मुलांचा अभ्यास घेणं ही कामं दोन-तीन आठवड्यांनी जमतील तशी करावीत. हलकी कामं चार ते सहा आठवड्यांनी, शेतातली कष्टाची कामं आठ ते बारा आठवड्यांनी, तीही डॉक्टरांना "मी शेतात काम करते" असं स्पष्ट सांगून, विचारून. शहरातल्या डॉक्टरांच्या डोळ्यासमोर "रोजचं काम" म्हणजे खुर्चीतलं काम असतं. "आता रोजची कामं करा" असं ते म्हणतात, आणि आपली बाई दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला जाते.

झोपायला जमिनीवर अंथरूण नको, खाट किंवा पलंग हवा. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या रेट्यानं उठा. उकिडवं बसायचा संडास असेल तर पहिले काही आठवडे जड जातं. भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची वर ठेवली तरी काम होतं, ताईंच्या घरी तेच केलं. आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हापासून. जखमेवर पाणी गेलं तर कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, चोळू नका. हळद, तेल, राख यातलं काही लावायचं नाही. शेक तर मुळीच नाही. शेजारणी सांगतील, "बाळंतिणीला चालतं मग हिला का नाही?" त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

आणि थकवा. याबद्दल आधी कोणी सांगितलं नव्हतं अशी ताईंची तक्रार आहे. जखम भरली, दुखणं गेलं, तरी दुपारी अंग गळून जायचं, दोन-अडीच महिने. हे नेहमीचं आहे. याला आळस म्हणणाऱ्यांची आमच्याकडे कमी नाही.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. थंडी वाजून ताप आला. जखम लाल झाली, फुगली, पू आला. एका पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली. धाप लागली, छातीत दुखलं. लघवी फार कमी झाली किंवा जळजळ सुरू झाली. उलट्या थांबेनात, पोट फुगलं आणि वाराही सरेना. यातलं काही झालं तर "सकाळच्या एसटीनं जाऊ" म्हणायचं नाही, १०८ ला फोन करा.

केंद्र सरकारनं २०२३ साली एक आदेश काढला. त्यांच्या कर्मचाऱ्यानं अवयव दान केलं तर त्याला बेचाळीस दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते, पगारासह. बेचाळीस दिवस, म्हणजे आपला सव्वा महिना आणि वर चार दिवस. आपल्या म्हाताऱ्या बायकांनी बाळंतिणीसाठी जो हिशोब धरला होता, सरकारनंही जवळपास तोच धरला. आम्ही हे गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "सरकारी बाईला सरकार रजा देतं. आपल्या बाईला कोण देणार? गटच देणार." त्यावरच पुढचा अर्धा तास बोलणं झालं.

गटानं काय केलं ते सांगतो. पाण्याची पाळी लावली, सकाळी दोन हंडे, रोज एकीनं. ज्यांची घरं लांब होती त्यांनी पाण्याऐवजी आठवड्यातून दोनदा भाकरी दिल्या. ताईंच्या दोन शेळ्या एकीनं आपल्या शेळ्यांबरोबर चारायला नेल्या. गटाच्या अंतर्गत कर्जाचा हप्ता तीन महिने पुढे ढकलला, त्या काळात फक्त व्याज घ्यायचं ठरलं, आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ठराव लिहिणं महत्त्वाचं, नाहीतर चौथ्या महिन्यात कुजबुज सुरू होते. बँकेचं कर्ज मात्र असं थांबत नाही. त्या हप्त्यातला ताईंचा वाटा गटानं बचतीतून भरला आणि तो त्यांच्या नावे उसना म्हणून लिहिला.

ताईंच्या यजमानांचंही सांगायला पाहिजे. बाहेरच्या बाया पाणी आणून देतायत हे त्यांना दोन दिवसच बघवलं. तिसऱ्या दिवसापासून ते स्वतः पाणी भरू लागले, पण पहाटे, अंधारात, कोणी बघू नये म्हणून. दहा-बारा दिवसांनी उजेडात भरायला लागले. त्यामुळे आमची पाण्याची पाळी मोडली आणि त्या बायकांकडे आम्ही दळण दिलं.

पैशाचं एक राहिलं. भावाच्या ऑपरेशनचा खर्च, औषधांचा खर्च सगळ्यांनी पै-पै मोजला. त्यासाठी धावपळही झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपण बसतं, त्याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधीच करावी. पण ताईंची तीन महिन्यांची बुडालेली मजुरी कोणी मोजली नाही. मागायची म्हटलं तर भीती वाटते, की किडनी विकली असं कोणी म्हणेल. मैत्रिणींनो, किडनीची किंमत घेणं-देणं हा गुन्हा आहे, त्यात शंका नाही. पण त्याच कायद्यात लिहिलेलं आहे की अवयव दिल्यामुळे देणाऱ्याचा झालेला खर्च आणि बुडालेली कमाई वाजवीपणे भरून देणं म्हणजे किंमत नव्हे. तेव्हा येण्या-जाण्याचं भाडं, तपासण्यांचे पैसे, बुडालेले रोज हे घरात उघडपणे बोलावं, आणि प्रत्यारोपण समन्वयकालाही विचारून करावं. भावाकडे मागायला जीभ रेटत नाही हे आम्हाला कळतं. मग घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसानं बोलावं.

मनाचं बोलू या. सगळ्यात अवघड तेच आहे. ऑपरेशनच्या आधी देणारी बाई घरातली सगळ्यात मोठी व्यक्ती असते. सगळे तिच्या पाया पडतात. ऑपरेशन झालं की सगळ्यांचे डोळे घेणाऱ्याच्या लघवीच्या मोजमापाकडे, त्याच्या रिपोर्टकडे. हे होणारच, कारण पहिल्या दिवसांत खरी काळजी त्याचीच असते. पण ताई सांगतात, चौथ्या दिवशी त्यांना विनाकारण रडू कोसळलं. दुःख नव्हतं, पश्चात्ताप नव्हता, नुसतं रिकामं वाटत होतं. अनेक दात्यांना असं वाटतं. काही दिवसांत ओसरतं. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन रमत नाही असं दोन आठवड्यांच्या वर राहिलं, तर डॉक्टरांना सांगायचं. आणि कधी कधी दिलेली किडनी चालत नाही. शरीर ती नाकारतं. तेव्हा देणारी बाई स्वतःला दोष देत बसते, माझंच काहीतरी कमी होतं म्हणून. तिचा त्यात काहीही दोष नसतो. हे तिला एकदा नाही, दहादा सांगावं लागतं.

आता पुढच्या आयुष्याचं. टाके काढले, शेतात गेली, म्हणजे संपलं असं नाही. सहा महिन्यांनी एकदा, वर्षानं एकदा, आणि मग जन्मभर दर वर्षी तीन गोष्टी बघायच्या: रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनीन. रक्तदाब तर गावातल्या उपकेंद्रातही बघतात. क्रिएटिनीनबद्दल एक लक्षात ठेवा. एकच किडनी असल्यानं हा आकडा आधीपेक्षा थोडा वाढतो आणि तसाच राहतो. रिपोर्टच्या कागदावर छापलेल्या आकड्याशी ताडून घाबरायचं नाही. तुमच्याच मागच्या रिपोर्टशी ताडायचं, आणि तो दर वेळी चढत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. म्हणून सगळे रिपोर्ट एका पिशवीत हवेत. बियाण्याच्या पावत्या ठेवता ना, तसे.

आणि गोळ्या. कंबर दुखली की दुकानातून गोळी, गुडघा दुखला की इंजेक्शन, ही आपली सवय आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या वेदनाशामक गोळ्या किडनीवर ताण आणतात. किडनी दिलेल्या बाईनं त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. ताप, अंगदुखीला पॅरासिटामॉल बेतानं चालते. कोणी जडीबुटीचं चूर्ण, भस्म दिलं तर नको म्हणा, त्यात काय आहे ते कोणी लिहून देत नाही. कुठल्याही दवाखान्यात गेलं की पहिलं वाक्य, "मला एकच किडनी आहे." मिश्री बंद. यावर आमच्या गटात कुरकूर होते, पण तंबाखू रक्तवाहिन्या खराब करते आणि किडनी म्हणजे रक्तवाहिन्यांचं जाळंच. लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या कमी. वजन वाढू द्यायचं नाही. पाणी तहान लागेल तसं भरपूर, उगाच बळजबरीनं घागरभर नाही. उन्हात कामाला जाताना मात्र बाटली बरोबर हवीच. जुलाब-उलट्या लागल्या तर तिनं "होईल बरं" म्हणून बसायचं नाही; लगेच ओआरएसचं पाणी सुरू करायचं आणि डॉक्टर गाठायचा, कारण अंगातलं पाणी आटलं की तिच्या एकुलत्या किडनीलाच मार बसतो.

मागच्या वेळी या विषयाची नुसती घोषणा केली तर फोन आले. त्यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं देतो.

एका मुलीनं विचारलं, किडनी दिल्यावर मूल होतं का? होतं. ऑपरेशननंतर निदान सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून पहिल्या महिन्यापासून नोंदणी करायची, किडनी दिलीय हे कार्डावर लिहून घ्यायचं आणि बाळंतपण रुग्णालयातच. नवरा-बायकोचा संबंध साधारण चार-सहा आठवड्यांनी, तिला दुखत नसेल आणि तिची इच्छा असेल तेव्हा.

दुसरा फोन एका आईचा. लग्न न झालेल्या मुलीनं वडिलांना किडनी द्यायची म्हटली तर पुढे तिला स्थळं येतील का? डॉक्टरांच्या हिशोबानं तिच्या संसाराला, मुलाबाळांना आडकाठी नाही. लोक मात्र "अर्धी" म्हणतील, हेही खरं. पण हा विचार मुलगी देणार असेल तेव्हाच का येतो, मुलाच्या वेळी का येत नाही, हे त्या घरानं आधी आपसांत बोलावं. आणि मुलगी नको म्हणाली तर तो विषय तिथंच थांबवावा.

तिसरा प्रश्न, बासष्ट वर्षांची आई मुलाला देऊ शकते का? नुसत्या वयावरून नाही म्हणत नाहीत. रक्तदाब, साखर, हृदय, दोन्ही किडन्यांचं काम हे सगळं तपासून डॉक्टर ठरवतात. पण त्या वयात अंग भरून यायला वेळ लागतो. तेव्हा तिच्यासाठी सव्वा महिना नाही, तीन महिने धरा, आणि पाण्याची पाळी ती दवाखान्यात जायच्या आधीच लावून ठेवा.